चार रानांचा चिरूट

पहिला दिवस : मानाग्वा ते एस्तेली

निपाणीच्या वखारींतले जुने व्यापारी मूठभर तंबाखू हातात घेत, तळव्यावर चुरगाळत, नाकाशी नेत आणि माल काळ्या रानातला आहे की माळावरचा हे क्षणात सांगत. आमचे वडील घरी आल्यावर म्हणत, ‘‘कसलं नाक आणि कसलं काय, भाव पाडायची विद्या आहे ती.’’ माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, आजही तिथे विडीचा तंबाखू पिकवतो. मी शिक्षणासाठी पुण्याला गेलो आणि पुढे नोकरीच्या काळात अधूनमधून चिरूट ओढू लागलो. निकाराग्वा या एकाच देशात एस्तेली, कोंदेगा, हालापा आणि ओमेतेपे अशा चार प्रदेशांत चिरुटाचा तंबाखू पिकतो, आणि ओढणारा माणूस धुरावरून प्रदेश ओळखू शकतो असे विकणारे सांगतात, हे कळल्यापासून वडील खरे की ते व्यापारी खरे, याचा निकाल तिथे जाऊन लावावा असे मनात होते. तोडणी उरकून दादा यायला तयार झाला, आणि फेब्रुवारीत आम्ही निघालो.

मायामीहून निकाराग्वाच्या राजधानीला, मानाग्वाला, विमानाने अडीच-तीन तास लागतात. तिथून एस्तेली उत्तरेला सुमारे १५० किलोमीटरवर आहे आणि सारा रस्ता पॅन-अमेरिकन महामार्गाचा आहे. वाटेत सेबाकोच्या खोऱ्यात भाताची खाचरे आणि रस्त्याकडेला रचलेले कांद्यांचे ढीग दिसले तेव्हा दादाने गाडी थांबवायला लावली आणि कांद्याचा भाव विचारला. त्यापुढे चढण सुरू होते, हवा कोरडी होत जाते, आणि समुद्रसपाटीपासून ८०० मीटरांहून उंच असलेल्या एस्तेलीत आम्ही शिरलो तेव्हा कारखाने सुटण्याची वेळ झाली होती. अमेरिकेतल्या शाळांतून निवृत्त झालेल्या पिवळ्या बसगाड्या कामगार बायकांनी भरून चालल्या होत्या. गाडीची काच खाली केली तर वखारीचा तोच वास आला, पण थोडा गोडसर आणि ओलसर. ‘‘भट्टी लागल्यागत वास हाय,’’ दादा म्हणाला. हे वर्णन किती अचूक होते ते दुसऱ्या दिवशी कळले.

दुसरा दिवस : कारखाना

या उद्योगाचे मूळ क्यूबात आहे. १९५९च्या क्रांतीनंतर १९६० मध्ये तिथले चिरुटांचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले आणि १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाच्या मालावर बंदी घातली. देश सोडलेल्या तंबाखूवाल्यांनी क्यूबातल्या बियाण्याला मानवेल अशी जमीन शोधत मध्य अमेरिका पालथी घातली, आणि त्यांतल्या काहींना एस्तेली व हालापाची खोरी पसंत पडली. देशातला सर्वांत जुना कारखाना, होया दे निकाराग्वा, १९६८ मध्ये एस्तेलीत निघाला. पुढे १९७९ची क्रांती, त्यानंतरचे यादवी युद्ध आणि १९८५ ते १९९० या काळात निकाराग्वावरच लादलेली अमेरिकी व्यापारबंदी, असे सगळे सोसून हा धंदा टिकला. आज अमेरिकेत येणाऱ्या हातवळ्या चिरुटांत निकाराग्वाचा वाटा सर्वांत मोठा आहे.

आम्ही गेलो तो कारखाना मध्यम आकाराचा होता. आधी आंबवणीची खोली पाहिली. वाळलेली पाने ओली करून त्यांचे पुरुषभर उंचीचे चौकोनी ढीग रचलेले असतात, ज्यांना ‘पिलोन’ म्हणतात. ढिगाच्या मधोमध उष्णतामापक खुपसलेला असतो. पाने आपल्या आपण तापतात, आणि पारा ४५-५० अंशांकडे सरकला की ढीग मोडून, आतली पाने बाहेर आणि बाहेरची आत करून तो पुन्हा रचतात. जाड पानांसाठी हे कित्येक महिने चालते. अमोनियाचा वास इतका उग्र असतो की डोळ्यांतून पाणी आले. तिथे आठ तास काम करणाऱ्या माणसांच्या तोंडाला साधे फडकेही नव्हते. दादाला सर्वांत नवल वाटले ते याच खोलीचे, कारण आमच्याकडे विडीचा तंबाखू कापून रानातच कडक उन्हात वाळवतात. ऊन पान झटकन मारते आणि आतला तिखटपणा तसाच कोंडून ठेवतो. इथे सगळा खटाटोप पान हळूहळू मरावे, आतली साखर आणि पिष्ट संपत जावे, आणि मग आंबवणीत उरलासुरला कच्चेपणा निघून जावा यासाठी असतो.

चिरूट वळण्याच्या दालनात कामगार जोडीने बसतात. ‘बुनचेरो’ बहुधा पुरुष असतो. तो आतल्या पानांची जुडी बांधून लाकडी साच्यात दाबायला देतो. त्याच्या शेजारची ‘रोलेरा’ बहुधा बाई असते. ती ‘चाबेता’ नावाच्या कोयरीसारख्या पात्याने बाहेरचे पान कापून जुडीवर गुंडाळते. आतल्या मिश्रणाला ‘त्रिपा’, त्याला बांधणाऱ्या पानाला ‘कापोते’ आणि वरच्या देखण्या पानाला ‘कापा’ म्हणतात. एक जोडी दिवसाला ३००च्या आसपास चिरूट वळते असे सांगण्यात आले.

इथल्या मिश्रणकाराला मी माझा हेतू सांगितला. तो हसला नाही, उलट अडचण दाखवली. बाजारात मिळणाऱ्या दोन चिरुटांची तुलना करून प्रदेश कळत नाही, कारण त्यांत बियाणे, पानाची झाडावरची जागा, आंबवणीचे महिने, कापा आणि जाडी असे सगळेच बदललेले असते. मग आमच्यासाठी त्याने वेगळी व्यवस्था केली. चारही प्रदेशांतले क्रिओल्यो जातीचे, झाडाच्या मधल्या भागातले, तीन वर्षे मुरलेले पान एकेका चिरुटात एकटेच भरायचे. बांधणीचे पान सर्वांना एकच. आणि वरून इक्वेडोरमध्ये पिकलेले कनेक्टिकट जातीचे फिकट, मवाळ पान, ज्याचा स्वतःचा आवाज कमी. माप ‘रोबुस्तो’, म्हणजे लांबी ५ इंच आणि जाडी ५०. ही जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात, म्हणून ५० म्हणजे साधारण २० मिलिमीटर. प्रत्येक प्रदेशाचे सहा, असे २४ चिरूट दिले, दादाच्या वहीत त्यांची नोंद केली आणि प्रत्येकाला आतून खूण केली.

निघताना त्याने आणखी तीन बारीक सुरळ्या हातावर ठेवल्या. तिन्ही एस्तेलीच्या एकाच शेतातल्या होत्या, फक्त एक झाडाच्या तळाकडच्या ‘सेको’ पानाची, दुसरी मधल्या ‘विसो’ची, तिसरी शेंड्याच्या ‘लिहेरो’ची. संध्याकाळी उपाहारगृहाच्या अंगणात मी त्या एकामागून एक ओढल्या. पहिली भाजलेल्या शेंगदाण्याच्या फोलपटासारखी हलकी होती, दुसरीत कॉफीचा कडसरपणा आला, आणि तिसरीच्या चौथ्या झुरक्याला मला खुर्चीचा हात धरावा लागला. चिरुटाचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडातच खेळवून सोडतात. तरीही ही अवस्था झाली. शेंड्याच्या पानाला सर्वांत जास्त ऊन मिळते, त्यात तेल आणि निकोटीन साठते, ते सावकाश जळते, म्हणून मिश्रणात ते नेहमी चिरुटाच्या मध्यभागी ठेवतात. एका झाडाच्या तळापासून शेंड्यापर्यंत एवढा फरक पडत असेल तर दोन खोऱ्यांतला फरक शोधायला एवढ्या लांब कशाला आलो, असा प्रश्न पडला.

तिसरा दिवस : एस्तेलीची काळी माती

शेत गावाबाहेर वीस मिनिटांवर होते. माती काळी आणि चिकण. दादाने चप्पल काढली, ढेकूळ उचलून फोडले, ओले करून बोटांत वळले आणि म्हणाला, ‘‘हे वेदगंगाकाठचं रान हाय बघ. पाणी लई धरतंय. पान जाड येणार.’’ पान खरोखरच जाड होते आणि त्यावर तेलाची चमक होती. शेंडे खुडलेले होते आणि बगलेतले फुटवे काढणे चालू होते. या कामात मात्र दोन्ही देशांत काडीचा फरक नाही. हाताला लागून काळा पडणारा चीकही तोच. पहाटेच्या दवात ओली पाने हाताळणाऱ्यांच्या कातडीतून निकोटीन अंगात शिरते आणि मळमळ, चक्कर सुरू होते. दादाने मुकादमाला पोटावर हात फिरवून, डोके गरगर फिरवून ते विचारले आणि मुकादमाने तितक्याच उत्साहाने अभिनय करून होकार दिला.

मग खताचे पोते शोधण्यात आले. दुभाष्याची गरज लागली नाही, कारण पोत्यावरचे रासायनिक नाव दादाला अक्षरांवरून नाही तरी रंगावरून आणि दाण्यावरून कळते. ते पोटॅशियम सल्फेट होते. तंबाखूला पोटॅश लागते, कारण त्याने पान नीट जळते. पण स्वस्तातले म्युरिएट ऑफ पोटॅश घातले तर त्यातला क्लोरीन पानात उतरतो आणि पान धुमसत राहते, विझते. खारट विहिरीच्या पाण्यावरचा तंबाखूही याच कारणाने जळत नाही. मॅग्नेशियम पुरेसे असेल तर राख पांढरी पडते. म्हणजे प्रदेशाची म्हणून जी लक्षणे ओढणारा सांगतो त्यांतली काही खताच्या पोत्यात असतात.

दुपारी वाळवणीच्या लाकडी गोठ्यात गेलो. पाने सुईदोऱ्याने ओवून, लांब काठ्यांवर टांगून, छतापर्यंत मजल्यामजल्याने चढवलेली. दीड ते दोन महिने ती सावलीत राहतात, खिडक्या उघडून-मिटून हवा आणि ओल सांभाळली जाते, आणि हिरवे पान पिवळे, मग तपकिरी होते. गोठ्यातल्या अंधारात दादा बराच वेळ नुसता वर बघत उभा राहिला.

चौथा दिवस : कोंदेगा

कोंदेगा एस्तेलीच्या उत्तरेला सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. गावाजवळच्या टेकडीवर १९७९ मध्ये पाडलेले हुकूमशहा सोमोसाच्या सैन्याचे विमान ठेवले आहे, आणि जवळच दुकुआली ग्रांदे येथे बायकांची सहकारी कुंभारशाळा आहे. तंबाखूचे म्हणाल तर जमीन दगडाळ, माती उथळ, पाण्याचा निचरा झटपट. पान एस्तेलीपेक्षा पातळ आणि हालापापेक्षा जाड असते, आणि मिश्रणकार त्याचा उपयोग दोघांना जोडायला करतात. सतत दुसऱ्यांच्या मध्ये उभे राहणाऱ्या माणसासारखे ते वाटले, आणि इथे आम्ही तीन तासांपेक्षा जास्त रमलो नाही.

पाचवा दिवस : हालापा

ओकोतालच्या पुढे रस्ता पूर्वेला वळतो आणि डोंगरांवर पाइनची झाडे दिसू लागतात. होंडुरासची सीमा उजव्या-डाव्या हाताला कुठेतरी जवळच असते. १९८०च्या दशकात याच पट्ट्यात कॉन्ट्रांचे, म्हणजे क्रांतीनंतरच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांचे, युद्ध सर्वांत तीव्र होते. आम्हाला एस्तेलीहून तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागला, आणि खोऱ्यात उतरताना पहिल्यांदा नजरेत भरली ती मातीची तांबूस छटा. दादा गाडीतूनच म्हणाला, ‘‘आता बघ. हितलं पान वेगळं.’’

इथे ढग डोंगरांना अडकून राहतात, हवेत ओल जास्त असते, ऊन गाळून येते. माती हलकी आणि वाळूमिश्रित आहे, त्यामुळे ती नत्र साठवून ठेवत नाही. नत्र कमी तर निकोटीन कमी, आणि ऊन मवाळ तर पान पातळ, रुंद, शिरा बारीक. मुकादमाने एक मुरलेले पान दमट करून दिले आणि ताणायला सांगितले. ते पातळ रेशमी कापडासारखे ताणले गेले आणि फाटले नाही. कापा म्हणून हालापाच्या पानाला मागणी का, हे त्यावरून समजले. काही शेतांवर पांढरे जाळीदार कापड मांडवासारखे पसरून आणखी सावली केली होती. आत शिरल्यावर प्रकाश दुधाळ होतो, आवाज दबतो, आणि पाने माणसाच्या डोक्यावरून जातात. हे मांडव पाहिल्यावर इक्वेडोरचा उल्लेख पुन्हा आठवला, कारण तिथे वर्षातला बराच काळ आभाळच हे कापड होते आणि शेतकऱ्याचा मांडवाचा खर्च वाचतो.

मुकादमाच्या मते हालापाची गोडी मातीत आहे. माझे मत त्या दिवशी असे झाले की मातीइतकाच तिथला ढगही त्यात आहे, आणि मातीची नमुन्यादाखल परीक्षा करून विकणाऱ्यांच्या पत्रकांत ढगाचा उल्लेख नसतो, कारण ढग पिशवीत भरून दाखवता येत नाही. दादाला हा वाद फिजूल वाटला. त्याचे म्हणणे, रान म्हणजे माती, पाणी, वारा, ऊन आणि कसणारा, हे सगळे मिळून. त्यातले एक वेगळे काढून दाखवा म्हणणारा शेतकरी नसतो.

रात्री हालापातच मुक्काम केला. लाल घेवड्याची उसळ, भात आणि मक्याच्या भाकरीसारख्या तोर्तिया खाताना दादाने खिशातली चुना-तंबाखूची डबी काढली. दोन मुकादमांनी तो प्रकार आश्चर्याने पाहिला, एकाने चिमूट ओठाखाली ठेवली आणि लगेच अंगणात धावला. तंबाखूच्या देशात तंबाखूने गार केलेला माणूस पाहून दादाला जे समाधान झाले ते प्रवासभर टिकले.

सहावा दिवस

परतीचा प्रवास आणि विश्रांती. नुकताच वळलेला चिरूट एकतर त्याच दिवशी ओढावा किंवा महिनोन् महिने ठेवावा, मधल्या काळात तो रुसलेला असतो, असे वळणारे सांगतात. मी उतावळेपणाने एस्तेलीचा एक पेटवला. तो कडू, ओलसर आणि एका बाजूने जळणारा निघाला, आणि माझे २४ चे २३ झाले. मिश्रणकाराने चाचणीसाठी तशाच कृतीचे, चार महिने देवदाराच्या खोलीत ठेवलेले दुसरे चिरूट शेवटच्या दिवशी देण्याचे कबूल केले.

सातवा आणि आठवा दिवस : ओमेतेपे

पुन्हा मानाग्वा, पुढे रीवास, आणि सान होर्हेच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तासाभरात मोयोगाल्पा. कोसिबोल्का म्हणजे निकाराग्वा सरोवर एवढे मोठे आहे की त्यात लाटा उसळतात आणि बोट खऱ्या अर्थाने हेलकावते. बेटावर दोन ज्वालामुखी आहेत. १,६१० मीटर उंचीचा कोन्सेप्सिओन जिवंत आहे आणि १,३९४ मीटरांचा मादेरास शांत.

इथे तंबाखू थोडा, केळी फार. शेत ज्वालामुखीच्या पायथ्याशी होते, माती करडी-काळी, भुसभुशीत आणि राखेने भरलेली. दादाने मूठ भरली आणि बोटांतून सोडली तर ती पिठासारखी सांडली. ‘‘ही माती नव्हं, ही चुलीतली राख हाय,’’ असे म्हणून त्याने ती हुंगली, आणि मग काही न बोलता माझ्या नाकाशी धरली. किंचित गंधकाची झाक होती, किंवा पर्वताकडे बघून तसे वाटले असेल. पान लहान, खरबरीत, शिरा ठसठशीत. देखणेपणावर कापा म्हणून कोणी घेणार नाही, म्हणून ते बांधणीला आणि आत घालायला वापरतात. तळ्यावरून वारा अखंड वाहतो आणि त्याने पाने फाटतात, हीही त्याची कारणे असणार. दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो.

नववा दिवस : चाचणी

सकाळी, तोंड कोरे असताना, मिश्रणकाराने चार चिरूट नंबर घालून समोर ठेवले. कोणता कुठला हे त्याने कागदावर लिहून घडी घातली. प्रत्येकाचा मी अर्ध्यापर्यंतच धूर घेतला, मध्ये साधे पाणी आणि कोरी तोर्तिया, आणि दोनांच्या मध्ये तासभर विश्रांती. काही धूर नाकावाटे सोडला, कारण मिरीचा तिखटपणा तिथेच कळतो.

पहिल्यात धूर दाट होता, नाकात मिरी झोंबली, मागे भाजलेल्या कॉफीचा आणि जुन्या चामड्याचा वास राहिला. दुसऱ्यात जिभेच्या टोकाला काकवीसारखी गोडी होती, धूर मऊ, घसा मोकळा. तिसऱ्यात आधी मातकटपणा, ओल्या राखेसारखा, आणि मग अनपेक्षितपणे पिकल्या केळ्याच्या सालीसारखी जड गोडी. चौथा पहिल्यासारखाच होता, फक्त तिखटपणा थोडा कमी, लाकडाचा सुकेपणा थोडा जास्त. मी लिहिले : कोंदेगा, हालापा, ओमेतेपे, एस्तेली. घडी उघडली तर दुसरा आणि तिसरा बरोबर होते, पहिला एस्तेली आणि चौथा कोंदेगा होता. म्हणजे टोके कळली आणि शेजारी चुकले. एकाच शेतातल्या सेको आणि लिहेरोमध्ये जे अंतर मला दुसऱ्या दिवशी जाणवले होते, त्याच्या निम्मेही एस्तेली आणि कोंदेगा यांच्या मधल्या पानांत नव्हते. बाजारात एस्तेलीचा म्हणून जो दणका सांगितला जातो तो बहुतेक वेळा एस्तेलीच्या शेंड्याच्या पानाचा दणका असतो, एवढे मी त्यावरून ठरवले.

दादा धूर ओढायला तयार झाला नाही. त्याने चारही प्रदेशांची सुटी पाने मागितली, डोळ्यांवर स्वतःचाच गमछा बांधला, आणि एकेक पान दोन बोटांत धरून, मधली शीर नखाने मोडून, चुरगाळून नाकाशी नेले. चौघांपैकी चार त्याने बरोबर सांगितले. मिश्रणकाराने पाने फेरफार करून पुन्हा दिली, पुन्हा चार.

‘‘दादा, म्हणजे ते वखारवाले खरंच ओळखत होते?’’ मी विचारले.

‘‘ओळखत व्हते की,’’ गमछा सोडत तो म्हणाला. ‘‘आणि भाव बी पाडत व्हते.’’

उरलेले २३ चिरूट देवदाराच्या पेटीत घालून आणले आहेत. निपाणीच्या घरी माळ्यावरची ओल त्यांना मानवेल की नाही याची शंका असल्याने पेटी सध्या पुण्यात माझ्याकडे आहे, आणि दिवाळीला दादा आला की एस्तेली व कोंदेगा यांच्यापासून पुन्हा सुरुवात करायची आहे.